नुसत्या मिठातली बोय

रत्नागिरी, बुधवार

प्रिय शमी,

दुपटी शिवून झाली. बाबांच्या जुन्या धोतरांची आहेत, मऊसूत. पाळणाही माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय. तुझा सातवा सरत आला, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सगळी वाडी विचारते, लेक कधी येणार.

आज तू पाठवलेला ओव्हन पहिल्यांदा लावला. तू सांगितलंस तसंच केलं. हौसाकडून खाडीची बोय घेतली, चिरा पाडल्या, मीठ, लिंबू, थोडं तेल. वाटण नाही, तिरफळं नाहीत. एकटीसाठी रोज कोण खोबरं वाटत बसणार? देवापाशी दिवा लावून येईपर्यंत मासा तयार.

ओव्हनचं दार उघडलं आणि वास आला. कुजका नव्हे, बोय ताजीच होती. बाबांच्या औषधांच्या कपाटाला यायचा, तसा. घास घेतला तर चवही तीच. डोकं मांजरीपुढे टाकलं. ती हुंगून मागे सरली आणि न्हाणीच्या पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे बघत.

जायच्या आधीच्या पावसात बाबा म्हणायचे, कालवणाला वास मारतो. आजाराने तोंड बिघडलंय, असं तूही म्हणालीस, मीही. मग मी दोन तिरफळं जास्त टाकायचे. त्या वाटणाखाली आम्ही काय जेवत होतो, देव जाणे.

हौसाकडे गेले. ती हसली, "काय हो वैनी, लेकीच्या पेटीनं जीभ मुंबयची झाली काय तुमची!" पण पाटीत बोय उरली असताना तिच्या चुलीवर सुकट शिजत होती. मी बघितलं तसं तिने झाकण ठेवलं. वरच्या कारखान्याचं पाणी रात्री खाडीत सोडतात, एवढं पुटपुटली. खाडीवर बगळे दिसेनासे झालेत, ते मला येताना जाणवलं.

आपली विहीर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. घरी येऊन टोपभर पाणी नुसतंच उकळलं आणि झाकण काढलं. तोच वास.

फोनवर तू वाद घातला असतास आणि तुझ्या आवाजाने मी विरघळले असते, म्हणून लिहितेय. शमी, बाळंतपणाला इथे येऊ नकोस. लोकांना काय बोलायचं ते बोलू दे. शनिवारी हातखंब्याला मुंबईची गाडी धरून मीच येते. विहिरीचं पाणी बाटलीत आणतेय, अजिंक्यरावांना कुठे तपासता येतं ते बघायला सांग. माझी काळजी करू नकोस, मी रोज तेच पीत आलेय. दुपटी तुझ्याकडे पुन्हा धुऊ. पाळणा मात्र आणत नाही. त्याचं लाकूड ते पाणी प्यायलंय.

तुझीच,
आई