आठवं लेकरू

माय, फॉर्मची सहा पानं भरून झाली. सातव्या पानावर एकच प्रश्न आहे आणि त्याच्याखाली दहा रिकाम्या ओळी. ‘आपल्या हातून झालेली एक चूक लिहा आणि तिच्यातून आपण काय शिकलात ते सांगा.’ मी तीन दिवस हे पान उघडते आणि मिटते. शनिवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म कॉलेजात पोचला पाहिजे. आज गुरुवार आहे, माझी सुट्टी आहे, दुपारचे अडीच वाजलेत, खोलीतला पंखा तीनवर आहे आणि कलबुर्गीच्या मानाने आजचं ऊन बरं म्हणायचं. तिथे लिहायला काही सुचेना म्हणून दुसरा कागद घेतला आणि वर तुझं नाव आलं.

कसला फॉर्म ते सांगते. तू गेलीस तेव्हा माझं नर्सिंगच्या डिप्लोम्याचं पहिलं वर्षसुद्धा सुरू झालं नव्हतं. आता डिप्लोमा होऊन मी डायलिसिसला आहे. डिप्लोमा झालेल्या नर्सला चार वर्षांची पदवी दोन वर्षांत करता येते, तो हा अभ्यासक्रम. अभ्यास दाबून भरलेला, सुट्ट्या नावाला. तेवढं मला जमेल. अडचण वेगळी आहे. त्यातले कितीतरी महिने वस्त्यांवर जायचं, घरोघर फिरायचं, अनोळखी चुलीपाशी बसून बोलायचं, म्हणजे तू आयुष्यभर जे केलंस ते. मला मशीन कळतं. आमच्या युनिटमध्ये आठ मशीन आहेत आणि कोणतं कशासाठी ओरडतंय ते मी पाठ फिरवून सांगते. माणसं माझ्यापाशी येतात ती झोपून, चार तास, एक हात मशीनला जोडलेला. त्यांना उठून जाता येत नाही, त्यामुळे मला त्यांना बसवून घ्यावं लागत नाही. वस्तीवर तसं नसतं. तिथे दार लावून घेता येतं. आणि माझ्यामुळे एक दार लागलेलं मी पाहिलं आहे. ते तूही पाहिलंस.

मी दहा वर्षांची. तुझी चिंताकीच्या उपकेंद्रात नेमणूक, माझी शाळा बीदरला मावशीकडे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्या मागे मागे. तुझ्या खांद्याला रजिस्टरची पिशवी, माझ्या खांद्याला छोटी. पाच वर्षांखालची लेकरं किती, ती यादी करायची असते लस यायच्या आधी. तू एका दारात तेलुगूत बोलतेस, दुसऱ्यात दख्खनीत, तिसऱ्यात कन्नडमध्ये, आणि मला वाटतं की यात काय अवघड आहे, मोजायचंच तर आहे. गावाबाहेर मेंढरांवाल्यांची वस्ती. तिथल्या मोठ्या घरात तू म्हातारीपाशी बसलीस आणि लेकरांचं नाव काढलं नाहीस. ‘मेंढरं कशी हैत, काकू? औंदा चारा घावायलाय का?’ असं चाललेलं. अंगणात लेकरं खेळत होती. मी उभी राहिले, बोट पुढे केलं आणि शाळेत मोजतात तसं खणखणीत मोजलं. एक, दोन, तीन. सात! मला वाटलं, तुझं काम मी केलं.

म्हातारी उठली. लेकरांना आत ढकललं आणि दाराची कडी लावली. आतून तिचा आवाज आला, ‘शिस्टरबाई, तुमच्या पोरीला आवरा. लेकरं हैत ती, बाजारातली वांगी न्हाईत.’

वाटेत तू मला रागावलीस. तू ओरडत नव्हतीस, एवढंच म्हणालीस, ‘कामून मोजलीस? तुझ्या आज्जानं कधी मेंढरं मोजल्याली बघितलीस का?’ मी म्हटलं, मग किती आहेत ते त्याला कळायचं कसं? ‘कमी पडलं की कळतंय. बोट करून मोजू न्हाई. जित्राब असो का लेकरू, मोजलं की नजर लागतीया म्हणत्यात ती.’ मी म्हटलं, हे खोटं आहे. तू म्हणालीस, ‘आसंल. पण दार तर खरंच लागलं की न्हाई?’  

दुसऱ्या दिवशी आपण परत गेलो आणि तू तुझी पद्धत मला दाखवलीस. वस्तीच्या अलीकडे लिंबाखाली बसून तू लिमलेटच्या गोळ्या मोजल्यास, केशरी रंगाच्या, बरोबर वीस. त्या माझ्या पिशवीत टाकल्यास. म्हणालीस, ‘आता मोजायचं ते हितंच. तिकडं न्हाई.’ दारात म्हातारीने मला पाहून कपाळाला आठ्या घातल्या. तू पिशवी तिच्यापुढे उघडी धरलीस आणि म्हणालीस, ‘काकू, माझ्या पोरीनं काल आगाऊपणा केला. लेकरांचं तोंड गोड करा. दर लेकराला एक घ्या, तान्ह्यालाबी, त्येची त्येच्या आईच्या हातात द्या.’ म्हातारी मऊ झाली. एकेक गोळी काढत गेली, ही थोरल्याच्या पोरीची, ह्या त्या दोघांच्या, ही झोपल्यालाची. कोणी आकडा काढला नाही. तू छताकडे बघत होतीस. चहा झाला, मेंढरांच्या पायाच्या रोगावर अर्धा तास झाला, आणि आपण निघालो.

लिंबाखाली आल्यावर तू पदर पसरून उरलेल्या गोळ्या मोजल्यास. बारा. ‘म्हंजे आठ लेकरं,’ तू म्हणालीस आणि पेन काढलंस. मी मान हलवली, सात बोटं दाखवली. तू हसलीस. ‘तू तोंडानं मोजलीस, मी गोळीनं. गोळीला दडवायचं काय कारण? एक लेकरू आत हाय, तुला दिसलं न्हाई.’ मी काही बोलले नाही. गावापर्यंत बोलले नाही. उपकेंद्राच्या पायरीवर तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, ‘आज शाण्यासारखी गप बसलीस बघ. आसंच ऱ्हावं.’

माझ्या गप्प बसण्याचं कौतुक पहिल्यांदा झालं ते तेव्हा. ते मी फार मनावर घेतलं, असं आमच्या इन्चार्ज मॅडम म्हणतील.

तू संध्याकाळी एकटीच परत गेलीस, कारण आठव्या लेकराचं नाव यादीत नव्हतं आणि नाव नसलेली ओळ तुला बघवत नसे. मी पायरीवर बसून होते.  दिवेलागणीला तू आलीस ती वाटेतूनच बोलत. ‘घावलं गं! आठवं घावलं!’ आतल्या खोलीत गोधडीमागे बारा दिवसांची मुलगी. म्हातारीची लेक बाळंतपणाला आलेली. तू ‘आठवी गोळी कुणाची?’ असं विचारलंस तेव्हा म्हातारी गोंधळली, म्हणाली, ‘आठवी? मी तर सातच...’ आणि तेवढ्यात आतून बाळ रडलं. मग ती म्हणाली, ‘ह्येचं बारसं न्हाई झालं आजून. नाव न्हाई, त्येला कशाला गोळी?’ तिच्या हिशेबी नाव नसलेलं लेकरू अजून घरात आलेलंच नव्हतं. तू तिथेच बसून बारशाचा दिवस ठरवून घेतलास आणि पुढच्या लसीच्या वारी तिला टोचून आणलंस.

ही गोष्ट तू पुढे आठ वर्षं सांगितलीस. तालुक्याला औरादच्या मीटिंगमध्ये सांगितलीस, मावशीच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना सांगितलीस, नव्याने लागलेल्या नर्सांना शिकवलीस. ‘माझी मोजणी चुकत न्हाई,’ असं म्हणताना तू परातीवर हात आपटायचीस आणि पीठ उडायचं. मावशी म्हणायची, ‘झालं हिचं आठवं पुराण सुरू.’ मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर जायचे. दहावीनंतर तू मला तुझं घड्याळ दिलंस, सेकंदकाटा असलेलं, नाडी मोजायचं. म्हणालीस, ‘तू माझ्यावर गेलीस, तुझं चुकत न्हाई.’ ते मी आजही वापरते. दोनदा पट्टा बदलला. ते दिवसाला नऊ सेकंद मागे पडतं आणि मी दर सकाळी लावते.

आता अप्पांचं सांगते, कारण फॉर्म भरायचं त्यांच्यापासून सुरू झालं. अप्पा मादन हिप्परगा गावचे, आठवड्यातून दोनदा येतात. मूत्रपिंड काम करत नसलं की प्यालेलं पाणी अंगात साठतं, म्हणून आम्ही आल्याबरोबर वजन करतो आणि किती साठलं ते बघतो. अप्पांचं दर वेळी साडेतीन किलो जास्त. मी विचारायची, किती प्यालात? ‘घोटभर, अक्का. चिमणी पिती तेवढं.’ मी आकडा दाखवायची. ते म्हणायचे, ‘तुमचा काटा लई चहाडखोर हाय.’ असं महिनाभर चाललं. मी बरोबर होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मग एक दिवस मी त्यांच्या सुनेला म्हटलं, सकाळी एक बाटली भरून ठेवा, दिवसाचं सगळं त्यातूनच. किती प्याले ते विचारू नका. संध्याकाळी फक्त उरलंय किती ते बघा. हे मी बोलले आणि मला लिंबाचं झाड दिसलं.

वाढलेलं वजन दोन किलोवर आलं. अप्पा खूश, सून खूश. आणि या सोमवारी पुन्हा साडेतीन. सून शपथेवर सांगत होती की बाटलीत रोज पाणी उरत होतं. मॅडम म्हणाल्या, काटा तपासा. काटा मी सकाळीच तपासला होता. मी अप्पांच्या खाटेपाशी स्टूल ओढलं. असं मी कधी बसत नाही. मेंढरं नव्हती म्हणून शेताचं विचारलं, तुरीचं विचारलं. मग हळूच म्हटलं, अप्पा, बाटली खोटं बोलत नाही, काटा खोटं बोलत नाही. बाटलीच्या बाहेरचं काय?

अप्पांनी सुनेकडे बघितलं, ती बाहेर गेल्याची खात्री केली आणि म्हणाले, ‘पाणी पिलो न्हाई, अक्का. कलिंगड खाल्लो.’

‘किती?’

‘आता तुमीच म्हणलाव की मोजू न्हाई म्हणून!’

मी हसले, माय. युनिटमध्ये, मोठ्याने. तीन नंबरचं मशीन ओरडत होतं आणि मी हसत होते. मॅडम दारातून बघत राहिल्या. नंतर डबा खाताना म्हणाल्या, ‘झाला का तुझा फॉर्म?’ मी म्हटलं, एक प्रश्न अडलाय, चूक सांगायचीय. त्या म्हणाल्या, ‘मग लिही की. का तुझ्याकडनं झालीच न्हाई? न्हाई म्हणालीस तर मी सही करणार न्हाई. चूक न झालेली नर्स मला वार्डात नको, बाई. भ्या वाटतंय.’ आणि माझ्या डब्यातली अर्धी पोळी उचलून गेल्या.

त्यांनी विचारलं नाही की मला कसं कळलं, अप्पांना काय विचारायचं ते. ते कोणत्याच पुस्तकात नाही. हिशेब जुळत नसेल तर कुणीतरी गुपचूप काहीतरी खाल्लेलं असतं, आणि तो माणूस वाईट नसतो, त्याला फक्त ते गोड दिसलेलं असतं, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक आहे.

मी जायचं ठरवलंय. हे मला वरचं लिहिता लिहिता कळलं, म्हणून इथेच लिहून टाकते. मॅडम माझी जागा दोन वर्षं राखतील की नाही ते त्या लिहून देत नाहीत, तोंडाने देतात. बघू. वस्तीवर पाठवतील तर जाईन. कुणी दार लावलं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन, तू गेलीस तशी. ती म्हातारीची नात आता औरादला कॉलेजात जाते. गेल्या दिवाळीला बसस्टँडवर भेटली, आणि काय म्हणाली माहीत आहे? ‘ओळखलाव का अक्का? मी शिस्टरबाईची आठवी.’ अजून ती स्वतःला तसंच म्हणते. मी तिला लिमलेट घेऊन दिली आणि बस सुटेपर्यंत तिच्याकडे नीट बघता आलं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही. त्याचा खालचा भाग तेवढा उतरवून फॉर्मवर जाईल, दहा ओळींत बसवावा लागेल. काय शिकलात, त्याचं उत्तर अजून नीट सापडत नाही, पण पहिला भाग पक्का आहे. लिंबाकडून त्या घराकडे जाताना, तू चार पावलं पुढे होतीस तेव्हा, मी पिशवीत हात घातला होता. गावापर्यंत मी गप्प होते, कारण तोंड उघडलं असतं तर तुला माझी जीभ दिसली असती. केशरी झाली होती. म्हातारीने गोळ्या सातच काढल्या होत्या, माय. विसावी गोळी मी खाल्ली.