विकण्याआधी एक आठ

प्लेटा दाबायचा स्क्रूप्रेस, भंगारातल्या लेथच्या पायांपासून. डिफरन्शियल उलटंसुलटं फिरवता येईल असं लोखंडी घोडं. चाकाच्या हबवर बसवून आतली पकड मोजायची पट्टी, तीनदा फसून मग जमलेली. तेल कोमट करायचं भांडं, मूळचं इडलीपात्र. एवढ्या वस्तू मी, संतोषकुमार सत्यनारायण महेंद्रकर, वय सत्तावन्न, राहणार येलहंका, बेंगळूरु, याने स्वतःच्या हातांनी, कुणाकडे न शिकता केल्या. ज्याला हे क्रमाने आठवतं त्याची बुद्धी शाबूत आहे असं समजावं. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पत्नी शेजारी बसली आहे, पण ती अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलते आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून माझ्यामागे काय कोणाचं ते लिहून ठेवतो. याआधी असा कागद केलेला नाही.

कलम पहिलं. येलहंक्याचं राहतं घर आणि बँकेतल्या ठेवी पत्नी रूपश्री हिच्या. इडलीपात्रही तिला परत. रविवारपर्यंत म्हणून नेलं होतं. ते रविवार किती झाले ते ती सांगेल. वकील म्हणाले, भांड्याला कलम लागत नाही.

"लागतं," रूपश्री म्हणाली. "पण त्याला तुमच्या तेलातल्या गंधकाचा वास मारतो. मी त्यात इडल्या करणार होय?"

नको करूस. तुझं आहे, एवढं कागदावर असू दे.

कलम दुसरं. उमाजी, माझा मित्र, जे. सी. रोडला तेल आणि सुटे भाग विकतो. त्याला काही ठेवलेलं नाही, कारण तो साक्षीदार आहे, आणि ज्याला काही ठेवायचं त्याची साक्ष नको, असा वकिलांचा सल्ला. हे कळल्यावर तो म्हणाला, "अण्णा, मग सही दुसऱ्याची घे की." त्याच्याशी माझं भांडण जुनं आहे. गिऱ्हाइकाच्या हातात चकचकीत डबा ठेवून तो सांगतो, सगळ्या गाड्यांना चालतं. चालत नाही. स्पोर्ट्‌स गाडीच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत, प्लेटांचा गठ्ठा असतो. वळणावर आतलं चाक कमी फिरतं, बाहेरचं जास्त, तेव्हा त्या प्लेटांनी एकमेकींवर घसरायला हवं. पण एक चाक मोकाट सुटलं तर घट्ट धरायलाही हवं. तेलात घर्षण कमी करायचं औषध घालतात. कमी पडलं तर प्लेटा वळणावळणाला कटकट करतात. जास्त झालं तर धरणंच विसरतात. किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, पण डब्याने ती गाडी पाहिलेली नसते. म्हणून थोडं घालायचं, मोकळ्या आवारात गाडी हळू चालवत आठ, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे, काढायचे, म्हणजे तेल प्लेटांत शिरतं. मग कान देऊन ऐकायचं. कटकट राहिली तर पुन्हा स्वल्प.

सदाशिवनगरच्या एका गृहस्थांनी मी असं जुळवून दिलेल्या गाडीत दुसरीकडे भलतंच तेल भरून घेतलं, आणि महेंद्रकरांचं काम कच्चं, असं चारचौघांत सांगितलं. ऑपरेशनच्या आधी माणसाने माफ करावं म्हणतात. मी केलेलं नाही. माझ्या तेराव्याला आले तर पोटभर जेवू घालावं. गाडी आणली तर परत पाठवावी.

कलम तिसरं. पीण्या या औद्योगिक वसाहतीतली माझी कामाची शेड, वर सांगितलेली आणि इतर सर्व हत्यारं, टॉर्क रेंचसकट, माझी एकुलती मुलगी निवेदिता हिला.

इथे थोडं लिहावं लागेल. ऐकायचं, असं मी वर म्हटलं. पण ग्राइंडरने माझे कान ती शाळेत होती तेव्हाच नेले. बारीक आवाज मला येत नाही. रविवारी सकाळी बंद कारखान्याच्या आवारात मी आठ काढायचो आणि ही शेजारच्या सीटवर, पाय वर घेऊन, डोळे मिटून. "अप्पा, अजून बोलतंय." मी उतरून औषध घालायचो. पुन्हा आठ. "अजून. स्वल्प घाला." मग एका वळणावर ती गप्प व्हायची, तेवढ्यावर मी गाडी गिऱ्हाइकाला द्यायचो. नाव माझं झालं. ती चेन्नईला गेली तशी मी अंदाजाने देऊ लागलो, गाड्या परत येऊ लागल्या, आणि आता शेडचं शटर आठवड्यातून दोनदा उघडतं. चेन्नईत एका कंपनीत ती गिअरचे आवाज तपासते. म्हणजे लोकांच्या गाड्या ऐकते. सात वर्षांत ती घरी येते, सणाला येते, शेडमध्ये पाऊल ठेवत नाही.

शेजारचा पावडर कोटिंगवाला शेड मागतो आहे. तिने ठेवली तर काम चालेल, दिली तर संपेल. मी आधी अटी घातल्या होत्या: शेड विकू नये, अमुक तेल वापरू नये, रेंच कोणाला उसना देऊ नये, प्लेटा पुसायला रंगीत फडकं घेऊ नये. रूपश्रीने कागद ओढून वाचला.

"अहो, हे मृत्युपत्र आहे की गाडीसोबत येतं ते पुस्तक?"

"शिस्त नको?"

"तिला अजून किती धरणार? सोडा की थोडं."

मी सगळ्या अटी खोडल्या. खोडाखोडीवर सही आहे. अट म्हणून नव्हे, विनंती म्हणून एक ठेवतो: विकायची असेल तर विकावी, पण आधी माझ्या जुन्या गाडीत बसून एकदा आठ काढावा. त्या गाडीचं डिफरन्शियल मी जुळवलं आहे. बरोबर झालं की नाही, मला सांगणारं कोणी नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि साक्षीदारांच्या समोर मी सही केली.

संतोषकुमार सत्यनारायण महेंद्रकर (सही)
साक्षीदार: उमाजी जाधव (सही)
साक्षीदार: कृष्णवेणी अक्का, माझी थोरली बहीण (सही)
येलहंका, बेंगळूरु. ११ जानेवारी २०२६.

वकील म्हणतात, सहीच्या खाली लिहिलेलं धरलं जात नाही. न धरू देत. इंजिनीअरिंगचा निकाल लागला त्या दिवशी निवेदिता शेडमध्ये आली. चेन्नईच्या नोकरीचं पत्र तिच्या पिशवीत होतं, ते तिने बाहेर काढलं नाही, मला मागाहून कळलं. म्हणाली, "अप्पा, मी इथंच येते. कान माझा, हात तुमचा. बोर्डावर नाव नको." ज्या कामाचा मला एवढा अभिमान, ते मुलीने करायचं म्हटल्यावर मलाच कमी वाटलं. मी मान वर न करता म्हणालो, "तुला शिकवलं ते ग्रीस पुसायला नाही." ती "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि गेली. तिने त्या दिवशी मागितलेला पगार, दरमहा रुपये १८,०००, अक्षरी अठरा हजार फक्त.