तासलेलं दार

३ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

फोनचा खांब पडल्यापासून दूधवालाच आपलं टपालखातं. तू डोंगराखाली, मी डोंगरावर, तरी भेटीचं नाव नाही! बोगद्याच्या तोंडाशी तुमचं यंत्र सुरू झालं की माझी भांडी फळीवर नाचतात. हे म्हणतात, मेहुणा एक दिवस थेट पलंगाखालूनच वर येणार.

मामंजी खाटेवरून घर चालवतात, म्हणजे ठीक आहेत. मागच्या खोलीचं दार अडत होतं, ते सुताराकडून तासून घेतलं. आता कसं अलगद लागतं.

लोभ ठेव, आणि डोक्यावर हेल्मेटही.

तुझी ताई


५ ऑगस्ट

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तसाच साहेबांकडे धावलो. दार पावसानं फुगलं असेल तर उत्तमच. पण तुझी मागची खोली बोगद्याच्या तोंडाशी डोंगर धरून ठेवणाऱ्या आमच्या भिंतीच्या बरोबर वर आहे. ही भिंत आम्ही वरून खाली बांधत येतो. थोडं खणायचं, तेवढी भिंत उभी करायची, तिच्यातून लांब पोलादी दोर डोंगराच्या पोटात घालून खडकाला जखडायचे, जॅकनं ताणायचे, मगच पुढे खणायचं. दोर ढिले पडले तर डोंगर सरकतो, आणि आधी अडतात ती वरच्या घरांची दारं.

साहेब म्हणाले, दार दाखव. तासलेलं दार काय दाखवू? ते बिचारं ओरडून सांगत होतं आणि तू त्याचं तोंड बंद केलंस!

त्या खोलीत तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी आडवी ठेव आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की कर. काच तडकली तर मामंजींना उचला आणि निघा. भाऊजींना म्हणावं, ही थट्टा नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटा


८ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

आज सकाळी काच तडकली. मी झाडत होते, माझ्यासमोर. केरसुणी तिथंच टाकली.

मामंजी म्हणाले, या घरातून मी चौघांच्या खांद्यावरच जाईन. मग चौघांनी खाटेसकट उचलून त्यांना शाळेत आणलं. वाटभर सगळ्यांचा उद्धार चालला होता. काचेचे तुकडे फडक्यात बांधून पाठवले आहेत, साहेबांपुढे ठेव.

तुझं मी ऐकलं, आता माझं तू ऐक. डोंगर हलतोय हे कळल्यावर त्याच्या पायाशी उभं राहायला तू काय खांब आहेस? नोकरी खड्ड्यात गेली. निघून ये.

वाट पाहणारी, ताई


९ ऑगस्ट, सकाळ

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काच पाहून साहेबांनी खोदकाम बंद केलं. बोगद्यातली माणसं बाहेर काढली, भिंतीच्या पायाशी आधाराला माती परत लोटली. पण वरच्या ओळीतले दोर पुन्हा ताणावेच लागतील, नाहीतर भिंत जाईल आणि तुमची आळीही. जॅक चालवणारे आम्ही तिघंच. नाही म्हणायची मोकळीक होती. कुणी म्हटलं नाही, मग मलाही म्हणवेना.

भ्यालोय, ताई. हेल्मेटचा पट्टा लावायला दुसऱ्याला सांगावं लागलं. आईला कळवू नकोस. हे पत्र दूधवाल्याच्या हाती देऊन जातो.

आहे तो लोभ पुरेल, आज जरा जास्तच असू दे.

धाकटा


१० ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

काल दुपारी मोठा आवाज झाला. आपली मागची खोली गेली, उरलेलं घर उभं आहे. खाली काय झालं ते कुणीच सांगेना. तेव्हापासून मी शाळेच्या फाटकाशी आहे.

आत्ता दूधवाला आला. म्हणतो, भिंत उभी आहे, पण माणसं इतकी माखलेली की चेहरे ओळखू येत नाहीत. त्यातला एक तेवढा ग्लास तोंडाला लावून याच्यावर खेकसला, की हे दूध आहे की विहीर? दूधवाला अजून फुगलेला आहे.

मरणाच्या दारातून परत येऊन दुधातलं पाणी काढणारा माणूस आपल्याच घरातला असणार. तरी तुझ्या हातचं एक अक्षर पाठव. ते येईपर्यंत मी फाटक सोडत नाही.

तुझी ताई