चाळीसने चालणारा ट्रक

ती. तोमिएताईस,

धाकट्या कुनिहारुचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठांपैकी एक-दोन अंगं जमिनीला टेकली नाहीत, ती टेकली असं धरून चाल.) तुझी सर्दी उतरली का? ओसाकाच्या हवेला दोष देण्याआधी रात्री केस धुणं बंद कर. इथे पर्सिमनची फळं सोलून वळचणीला टांगली आहेत आणि माकडं माझ्याआधी ती मोजून जातात. आमच्या हिची, मित्सुएची, तब्येत आहे तशीच आहे. वसंतात पडल्यापासून ती घाटापलीकडच्या इस्पितळात आहे. खुबा जुळला असं डॉक्टर म्हणतात, पण पायांना ते अजून पटलेलं नाही. मी रोज तिच्याकडे जातो. बस सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, आणि मधल्या वेळात इस्पितळातल्या बाकावर बसून माणूस पेशंट होतो, म्हणून मी आपला छोटा पांढरा ट्रक काढतो. तर पत्रास कारण की आमची लेक चिहारु माझं लायसन्स परत करायला निघाली आहे, आणि याचं कारण मी वेगमर्यादा पाळतो हे आहे. तुला वाटेल म्हाताऱ्याने लिहिताना काही शब्द गाळले. गाळलेले नाहीत.

झालं असं की एप्रिलच्या ग्रामसभेत आमचे मुखिया कुसाका तावातावाने उठले. गावातून बाहेरच्या गाड्या सुसाट जातात, त्यांच्या मांजराची शेपटी थोडक्यात वाचली, वगैरे. (मांजर जाग्यावरून हलत नाही हा भाग त्यांनी सांगितला नाही.) सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ठरलं की दरसाल एका घराने आपल्या गाडीवर पिवळं स्टिकर लावायचं, ‘ही गाडी वेगमर्यादा पाळते’, आणि खरोखर तेवढ्याच वेगाने चालवायची, म्हणजे मागच्यांना झक मारत हळू यावं लागेल. कल्पना सर्वांना फार आवडली. कोण लावणार असं विचारल्यावर सगळे आपापल्या चहात बघू लागले. शेवटी काड्या ओढल्या आणि लाल टोकाची माझ्या हातात आली. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या तितक्या मनापासूनच्या टाळ्या मी आमच्या लग्नातही ऐकल्या नव्हत्या.

आता घाटाच्या रस्त्याला चाळीसची पाटी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. आयुष्यभर मी त्या पाटीशेजारून साठने गेलो आणि ती जिल्ह्याची काहीतरी शोभा आहे असं समजत आलो. चाळीसने निघालो तर काय, अंत्ययात्राच! मागे दूधवाला, त्याच्यामागे शाळेची बस, त्यामागे मठाचे स्वामी, ज्यांना एका सकाळी तीन घरी पितरांचे मंत्र म्हणायचे असतात. पण तुला आपली माणसं माहीत आहेत. हॉर्न कोणी वाजवला नाही. नुसते जवळ जवळ येत गेले, इतके की आरशात मला स्वामींच्या टकलावरचा तीळ दिसायला लागला.

त्या आठवड्यापासून लोक घरी मुळे घेऊन येऊ लागले. पांढरे, मांडीएवढे मुळे. दारात उभं राहून मित्सुएची चौकशी करायची, हवेविषयी बोलायचं आणि जाता जाता सहज विचारायचं, “मग उद्या किती वाजता निघणार?” मी गहिवरलो. म्हटलं काय ही माया! मुळ्याचं लोणचं घालून घालून घरातली पिंपं संपली तेव्हा ट्यूब पेटली की हे सगळे माझ्या आधी निघण्यासाठी वेळ विचारत होते. मी आठला निघतो म्हटल्यावर पावणेआठला सगळा गाव घाटाकडे जो सुटायचा तो अगदी मोकाट. बाहेरच्या गाड्या त्यापुढे गरीब वाटाव्यात. कुसाकांच्या मांजराने आता खरंच जागा बदलली आहे. तेव्हापासून मी निघायची वेळ कोणाला सांगत नाही, त्यामुळे रांग पुन्हा माझ्या मागेच लागते. पुढे स्वतः कुसाका आले आणि ‘रंग उडालाय, नवं आणून देतो’ म्हणत स्टिकर सोलून घेऊन गेले. नवं काही आलं नाही. मग मीच ब्रशने पाटी रंगवून मागच्या फळीला बांधली. अक्षर बरं आलं आहे.

यानंतर मोरिवाकी हवालदार. एक दिवस आरशात त्याची गाडी दिसली आणि मला बरं वाटलं, म्हटलं सरकारदरबारी कोणीतरी दखल घेतली. त्याने दिवा लावून मला बाजूला घेतलं. मागची अख्खी रांग पुढे गेली, जाताना प्रत्येकाने मला वाकून नमस्कार केला. मोरिवाकी खिडकीशी येऊन अगदी हळुवारपणे म्हणाला, “आजोबा, बरं वाटतंय ना? आज वार कोणता?”

मी वार सांगितला आणि विचारलं की माझं काय चुकलं.

“चुकलं काहीच नाही. चाळीसची पाटी आणि तुम्ही चाळीसनेच चालवताय, म्हणून जरा काळजी वाटली.”

“मग कितीने चालवू?”

“ते मला वर्दीत सांगता येत नाही, आजोबा. लोक जातात तसं जायचं.”

“लोक तर नियम मोडून जातात.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला आणि कपाळावरचा घाम पुसला. पोरगा वाईट नाही. पण चांगुलपणाच्या भरात त्याने चिहारुला हिरोशिमाला फोन केला.

चिहारु आली ती लायसन्स परत करणाऱ्यांसाठीचं रंगीत माहितीपत्रक घेऊनच. परत केलं की मानपत्र मिळतं आणि टॅक्सीत सवलत. (गावात टॅक्सी एक आहे. तिचा ड्रायव्हर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे आणि साठने जातो म्हणून त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नाही.) ती माझ्याशेजारी बसून घाटात आली. आरशात बघत बघत ती सीटमध्ये इतकी खाली सरकली की बाहेरून बघणाऱ्याला मी एकटाच दिसलो असेन. “बाबा, दाबा ना जरा,” म्हणाली. मी म्हटलं, लायसन्स राखायला कायदा मोडायचा, हे कुठल्या शाळेत शिकवलं तुला? डॉक्टरांची परीक्षाही झाली. चित्रं दाखवली, लपवली, मी सगळी सांगितली, त्यातला ढोल कसला होता तेही सांगितलं. तर चिहारु म्हणते, “डॉक्टरांना तुमच्या मागे गाडी चालवावी लागत नाही, बाबा.”

आणि मग एकदम रडायलाच लागली. म्हणाली, “फोन वाजला की उचलायच्या आधीच मी गाडीची किल्ली शोधते. आई तिकडे, तुम्ही या घाटात.” मी तिच्यापुढे माझा रुमाल धरला, ताई. मुलगी आपल्यासाठी घाबरते याचं वाईट वाटतं आणि, खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटतं. तिने सांगून ठेवलंय की येत्या शनिवारी ती परत येणार आणि मला घेऊन पोलीस ठाण्यात जाणार. साठने चालवून दाखवलं तर विषय संपला, असंही म्हणाली. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही? पाटी माझ्या हाताने रंगवलेली आहे.

असो. भावजींच्या तसबिरीपुढे माझ्या नावाने एक उदबत्ती लाव. केस रात्री धुऊ नकोस हे पुन्हा सांगतो, कारण तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे.

तुझा,
कुनिहारु

ता. क. पत्राचं मूळ काम राहिलंच. शनिवारच्या आत चिहारुला फोन कर आणि सांग की हा मुळातच असा आहे, हे वयाचं नाही. मला लहानपणी पाहिलेलं माणूस आता तू एकटीच उरलीस. सकाळच्या सूपसाठी मला टोफू आणायला धाडलं की तो रात्रीच्या जेवणात पडायचा, हे तिला सांग. आई मला काय म्हणायची तेही सांगितलंस तरी माझी हरकत नाही.

ता. क. दुसरा. तत्त्वाचं वर लिहिलं त्यावर फार जाऊ नकोस. मागच्या महिन्यात एकदा मी चिहारुचं ऐकून साठने गेलो होतो. इस्पितळात तिच्या खोलीत पोचलो तर मित्सुए पलंगावर तशीच, केस विस्कटलेले, माझ्याकडे बघेना. म्हणाली, “अहो, आज कसे आलात? रांग नाही दिसली. मला वाटलं, तुमचं काहीतरी झालं.” मग नर्सने सांगितलं. तिच्या खिडकीतून समोरचा घाट दिसतो. हिची नजर अधू, एकटा ट्रक तिला कळत नाही. पण गाड्यांची लांबलचक माळ हळूहळू उतरताना दिसली की तिला कळतं, पहिला मी. मग ती केस विंचरून घेते आणि कठडा धरून दारापर्यंत येते. दिवसभरात ती चालते ती तेवढीच. चिहारुला मात्र तू कायद्याचंच कारण सांग.