कठडे नसलेला पूल

सोमवार
आजपासून मी गेम टेस्टर. लेकीने स्वतः बनवलेला गेम माझ्या फोनमध्ये घालून दिला. परग्रहावर एक चेंडू असतो. फोन कलता केला की तो घरंगळतो. पूल, खड्डे, तरफा ओलांडत त्याला यानापर्यंत न्यायचं. लेक म्हणाली, लोकांना देण्याआधी तुम्हीच खेळून बघा. साहजिक आहे. भौतिकशास्त्र शिकवून केस पांढरे केलेत ते काय उगाच? गेमच्या शेवटी नावं येतात, त्यांत 'शास्त्रीय सल्लागार' म्हणून माझं नाव हवं असं सुचवलं. 'बघू' म्हणाली. म्हणजे येणार.
संकल्प: रविवारपर्यंत सगळे ग्रह पार.

मंगळवार, सकाळी
पहिला ग्रह, पहिला पूल. चेंडू पडला. गुरुत्वाकर्षण चुकलंय. लेकीला तसा मेसेज केला.

संध्याकाळी
तिचं उत्तर आलं: बाबा, ग्रह परका आहे. मुद्दा मान्य. मग दोष सोफ्याचा. फार रुततो. उद्यापासून डायनिंग टेबल.

बुधवार
टेबल डुगडुगतं. पायाखाली पुठ्ठा सारला. फोन तुमच्या हातात, मग टेबलाचा काय संबंध, असं बायकोने विचारलं. विज्ञानाची बैठक नसली की असे प्रश्न पडतात.
चेंडू पडला.

गुरुवार
नववीच्या वर्गात फळ्यावर पूल काढला. बलं दाखवली, कोन काढला. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मधल्या सुट्टीत तोच कोन धरून फोन कलता केला. पडला. केमिस्ट्रीच्या मॅडम हसल्या. घर्षण गृहीत धरलं नव्हतं, एवढंच.
घरी आई चष्मा शोधत होती. चष्मा समजून फोन उचलला, आणि चेंडू पुलापलीकडे. बोलाफुलाला गाठ. तिला परत करून दाखव म्हटलं, तर तिने परत करून दाखवलं. विषय बदलला.

शुक्रवार
मान अवघडली. चेंडू डावीकडे जायला लागला की मीही जातो, असं बायकोचं निरीक्षण. आज दिवसभर वर्गाकडे तिरकं बघून शिकवलं. मागच्या बाकावरचे प्रथमच गप्प बसले.
लेकीचा फोन आला. चेंडू कुठे पडतो ते तिला तिकडे दिसतं म्हणे. आवाज काळजीचा वाटला. "बाबा, कंटाळून सोडून देणार नाही ना?" मी म्हटलं, सल्लागार असा सोडत नसतो. माझ्या पडण्याचा फार उपयोग होतोय, असं म्हणाली. ऊर भरून आला.

शनिवार
लेकीने गेममध्ये किरकोळ सुधारणा करून पाठवली. आणि पूल ओलांडला. पहिल्या फटक्यात. मग जांभळा ग्रह, मग थुलथुलीत जमिनीचा ग्रह. तरफेवर तर मी चहा पीत होतो. कौशल्य एकदा अंगात मुरलं की असं होतं. उद्या प्रात्यक्षिक ठेवलंय. साडू येणार, मॅडमनाही मुद्दाम बोलावलंय. आईने शिकण्यासारखं खूप आहे.

रविवार, दुपारी
सगळे जमले. लेकही आली. मी थोडं प्रास्ताविक केलं, गेम सुरू केला, तेवढ्यात दाराची बेल वाजली. फोन टेबलावर ठेवून दार उघडायला गेलो. कुरिअर शेजारच्यांचं होतं. परत येतो तर सगळी मंडळी फोनभोवती. चेंडू एकटाच चालला होता. पूल, खड्डा, तरफ, सरळ यानात. साडूने टाळ्या वाजवल्या. फोनला.
आई म्हणाली, "अरे, याला तुझी गरजच नाही."
लेकीने ओशाळून सेटिंग दाखवलं. दोन्ही बाजूंना कठडे, चेंडू आपोआप पुढे. म्हणाली, तुम्हाला जमेना आणि तुम्ही सोडेनात, मला बघवेना. ज्यांना ज्यांना जमत नाही त्या सगळ्यांसाठी हे आता गेममध्येच ठेवलंय. बटणावर लिहिलंय: बाबा मोड.
मॅडम घरी जाईपर्यंत हसत होत्या.

संध्याकाळी, सगळे गेल्यावर
नाव आलं. शेवटी नव्हे, अगदी पहिल्याच पानावर. शास्त्रीय सल्लागाराला कोण विचारतं? बटण सगळे दाबतील.
एकदा कठडे काढून बघितलं.
पडला.
परत लावले.