सहा म्हणजे सहा

३ मार्च, सोमवार

उठले! साहेबांच्या केबिनमधला दिवा चालू असताना मी उठले, पर्स खांद्याला लावली आणि सगळ्यांच्या देखत जिना उतरले. छप्पर कोसळलं नाही. फक्त मागच्या टेबलावरच्या दाढीवाल्या सोबत्याच्या — त्याला सगळे दाढीच म्हणतात — हातातलं खोकं खाली पडलं.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही. खोक्यांच्या या कारखान्यात, आमच्या नमुना विभागात, मी आले तेव्हापासून हे कोणी केलेलं नाही. वेळ सहापर्यंतची. पण काचेच्या केबिनमध्ये दिवा आहे तोवर कोणी हलायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, कोणी कोणाला सांगितलेला नाही. नुसता आहे. सहाला कामं आटोपलेली असतात. मग दाढी एकच खोकं उघडतो, मिटतो, उघडतो. डिंकमावशी धुतलेला ब्रश परत धुतात. मी पट्टीने पट्टी मोजते. कधी सात, कधी साडेसात. चांगली लेकराबाळांची माणसं आम्ही, आणि दिव्याकडे डोळे लावून बसतो!

आजपासून मी नाही. अर्धांगाच्या झटक्याने गेलेली बाबांची वाचा परत यायची तर याच दोन-तीन महिन्यांत, असं वाचा शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलंय. रोज संध्याकाळी तासभर सराव. साडेसातनंतर ते थकतात, मान फिरवतात, की संपलं. आई सराव घ्यायला बसली तर तोंडच उघडत नाहीत — लाज वाटते. दादा लांब राहून फोनवरून सल्ले देतो. म्हणजे उरले मी.

४ मार्च

आजही उठले. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ बघत होते.

६ मार्च, गुरुवार

झटका आला तेव्हापासून बाबांकडे एकच शब्द उरलाय — "नाही". चहा देऊ? "नाही." आणि कपासाठी हात पुढे! चित्रांची कार्डं दाखवली. गाय. "नाही." छत्री. "नाही." मग गंमत म्हणून माझाच फोटो धरला. "नाही." आई हसली, मी हसले, मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढला या माणसाने. साहेबाला एकदा म्हणून नाही म्हटलं नाही. सुट्टीच्या दिवशी बोलावलं, गेले. दुसऱ्याचं काम गळ्यात मारलं, घेतलं. शाळेत मला निबंधाचं बक्षीस मिळालं त्या दिवशी त्यांनी यायचं कबूल केलं होतं. साहेबांनी थांबवलं, थांबले. मी स्टेजवरून दाराकडेच बघत होते. तेव्हाचे सगळे "नाही" आत साठून राहिले असणार, ते आता एकदम बाहेर पडतायत!

७ मार्च

केबिनमध्ये बोलावणं. दार लावून घे म्हणाले.

"अगं, आपण कुटुंब आहोत." हे वाक्य आलं की समजावं, आता काहीतरी फुकट मागणार. "पुढच्या महिन्यात माझं गुडघ्याचं ऑपरेशन. मागे विभाग कोणीतरी सांभाळायला हवा. माझ्या मनात तुझं नाव होतं." — होतं! — "पण जबाबदारीचं माणूस असं घड्याळ बघून पळत नाही. मी नाही बसत इथे? मला घर नाही?"

नेहमीसारखं "बरं साहेब" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "साहेब, माझं कोणतं काम राहिलंय ते दाखवा. ते करून जाते."

टेबलावरचा नमुना उचलून उगाच आत डोकावून बघितलं. रिकामंच होतं खोकं. "कामाचा प्रश्न नाही," म्हणाले.

मग कशाचा आहे? हे विचारलं नाही. विचारायला हवं होतं! जिन्यात सुचलं.

१० मार्च

आई म्हणते, "साहेबाशी जरा गोड बोलून बघ ना." आई, आजवर दुसरं काय केलं मी?

१२ मार्च, बुधवार

आज युद्ध.

सहाला दहा कमी. मला पक्कं माहीत होतं, याच वेळेला येणार. साहेब गुडघा धरत माझ्या टेबलाशी आले. "एक छोटंसं काम होतं." काचेच्या बरण्यांसाठी खोकं, आतले कप्पे वेगळे, उद्या नऊला गिऱ्हाईक दारात. दोन तासांचं तरी काम. दुपारपासून त्या खोक्याचं चित्र त्यांच्याच टेबलावर पडलेलं मी पाहिलं होतं.

"साहेब, आत्ता नाही जमणार. सकाळी सातला येऊन करते."

"सातला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे."

"मग मला किल्ली द्या."

दाढीने जीभ चावली. मावशींचा ब्रश डब्यातच राहिला. साहेबांचा चेहरा लाल. "किल्ली द्या? उद्या खुर्ची मागशील!"

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्याही. म्हटलं, "खुर्ची नको. उद्या नऊला खोकं तुमच्या टेबलावर असेल. कुठे केलं आणि कधी केलं ते माझं मी बघीन." चित्र पर्समध्ये कोंबलं, पुठ्ठ्याचा तक्ता उचलला, काखेत मारला आणि निघाले. दारातून तक्ता जाईना! तिरका केला, आडवा केला, सगळे बघतायत. रुबाबात निघायचं तर हाताशी छोटी वस्तू असावी.

घरी जेवणाच्या टेबलावर तक्ता पसरला, चित्र बघून रेघा आखल्या. चित्रांची कार्डं बाजूला. बाबांना म्हटलं, आज अभ्यासाला सुट्टी, मला मदत करा. त्यांनी चांगला हात तक्त्यावर दाबून धरला. त्यांना सांगितलंही, आमच्या कामात सलग रेघ म्हणजे काप, तुटक रेघ म्हणजे घडी. एवढं शाळकरी पोरालाही समजतं. मी कटर लावला.

"नाही," बाबा म्हणाले.

"हो हो, धरा तुम्ही."

"नाही. नाही! नाही!!"

रोजचंच, म्हणून मी कापत गेले. आणि बघते तर — तुटक रेघ! घडीवरच कटर चालवला. डोक्यात साहेब नाचत होते, रेघ कुठे दिसणार? अख्खी बाजू गळून खाली पडली. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसते, पण खदाखदा! आई धावत आली.

तो खरा "नाही" होता. इतक्या दिवसांतला पहिला, बरोबर ठिकाणी आलेला. आणि मीच ऐकला नाही.

उरलेल्या तुकड्यातून परत आखलं. शेवटचा कप्पा बसवताना तक्ता सरकला, तर बाबा म्हणाले, "धर."

धर!! मी धरला. मग बाबांनाच मिठी मारली, डिंकाच्या हातांनी. सदऱ्याची वाट लागली.

१३ मार्च

नऊला खोकं साहेबांच्या टेबलावर. त्यांनी ते छातीइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर आपटलं, नमुना तपासायची तशी रीतच आहे. पण आज जरा जास्तच जोर लावला. आत बरण्या होत्या. एकीलाही तडा नाही!

"ठीक आहे," म्हणाले. शाब्बास म्हटलं असतं तर जीभ झिजली असती.

पण कागदा, तुला खरं सांगते, मी जिंकले का ते मला कळत नाही. शेवटी काम घरी नेलंच ना? पुन्हा नेणार नाही. सहाला दहा कमी असताना आलेलं काम उद्याचं. मग बरण्या फुटोत नाहीतर राहोत.

१८ मार्च

सहाला मी उठले आणि मागे खुर्ची वाजली. दाढी उभा राहिला होता. मग बसला. मग उभा राहिला. मी जिना उतरेपर्यंत त्याचं काय ठरलं कळलं नाही.

१९ मार्च

ठरलं! फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. "ताई, घरी जाऊन आता करू काय? एवढ्या लवकर बायकोला खरं वाटणार नाही." म्हटलं, तिलाच विचार.

२५ मार्च, मंगळवार

डिंकमावशीही निघतात आता. साहेब एकटेच दिव्याखाली बसतात, खालून काच दिसते. मला वाईट वाटायला हवं का? नाही वाटत. थोडंसं वाटतं. नाही वाटत!

बाबा: धर, सोड, पाणी, आणि आईला "ए". आई म्हणते लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या प्रेमाने हाक मारली.

२८ मार्च, शुक्रवार

वर्षाचा आढावा. साहेबांनी वाचून दाखवलं — काम उत्तम, वेळेत, पण "सहकार्याची वृत्ती कमी".

मी म्हटलं, "साहेब, सहानंतर मी नसल्यामुळे एक तरी काम अडलं असेल तर सांगा. एकच सांगा."

ते आठवत राहिले. मीही थांबले. मला घाई नव्हती, दुपारचे तीन वाजले होते.

"तसं अडलं नाही," शेवटी म्हणाले.

"मग ते वाक्य काढा."

"तू फार बोलायला लागलीस."

"घरी शिकवणी चालू आहे, साहेब." खरं तेच सांगितलं. त्यांना उद्धटपणा वाटला असेल तर वाटो. एवढं झाल्यावर मात्र बाबांचं सगळं सांगितलं, झटक्यापासून धर-सोडपर्यंत. "आधी का नाही बोललीस?" म्हणाले. का बोलायचं? घरी कोणी आजारी नसतं तर सहा वाजले नसते का?

वाक्य काढलं. पेनाने खोडलं, दोनदा.

४ एप्रिल

साहेब सोमवारपासून रजेवर. किल्ली माझ्या हातात ठेवली! चेहरा मात्र औषध घेतल्यासारखा. "दाढीला विचारलं, त्याने कानावर हात ठेवले. मावशी तर हसल्याच. राहिलीस तू."

दारात थांबले. "कुलूप शेवटी लावायचं. सगळे गेल्यावर. कोणी आत असताना निघता येत नाही, लक्षात ठेव. आणि ही माणसं उठता उठत नसत. बसून बसून माझा गुडघा गेला."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्यांच्यासाठी बसत होतो आणि ते आमच्यासाठी? मग तोंडाने कधी सांगितलं का नाही? आणि "घड्याळ बघून पळत नाही" हे कोण म्हणालं होतं? आम्ही सहाला जायला लागलो तरी दिवा चालूच असायचा, तो कोणासाठी? छे! अर्धं खरं असेल, अर्धं गुडघ्याचं दुखणं. पण रात्री जेवताना भाजीत दोनदा मीठ घातलं खरं.

७ एप्रिल, सोमवार

सकाळीच सगळ्यांना सांगितलं — माझ्या राज्यात सहा म्हणजे सहा. टाळ्या वाजल्या. केबिनमध्ये बसले नाही, माझ्या टेबलावरच बसले. सहाला सगळे खाली. कुलूप लावताना मान ताठ!

९ एप्रिल

कारखान्याच्या मालकांचा दिवसातून चार वेळा फोन. गिऱ्हाईक ओरडतं, मालक माझ्यावर ओरडतात. केबिनमधला फोन माझ्या टेबलापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथेच बसले. दिवा लावावा लागतो, आत अंधार आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

सहाला दहा कमी. मालकांचा फोन — एक खोकं, उद्या सकाळीच हवं. मी केबिनमधून उठले, दाढीच्या टेबलाशी गेले आणि माझ्याच तोंडून निघालं, "एक छोटंसं काम होतं."

दाढीने कटर खाली ठेवला. म्हणाला, "नाही ताई. उद्या."

इतका राग आला मला! कानशिलं तापली. "अरे, आपण—" इथपर्यंत आले, पुढचा शब्द कुटुंब होता. तोंड मिटलं. मालकांना फोन लावला, "आज नाही जमणार" म्हटलं, चार शब्द ऐकून घेतले, कुलूप लावलं.

घरी बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ओठ जुळवले, मान हलवली, परत जुळवले. बराच वेळ लागला. मग निघालं —

"शा… बास."

मला नव्हे. दाढीला.