मटार सोलणाऱ्या बाईचा विमा

४ नोव्हेंबर
बारा वर्षांपूर्वी घर सोडताना तुल्लियो दारात उभा राहून म्हणाला होता, "निवेस, तुला चित्रातलं काही कळत नाही. तुला फक्त भिंत भरायची असते." तेव्हा तो माझा नवरा होता. आज त्याला परस्पर उत्तर मिळालं. व्हिएन्नाच्या लिलावात ओरेस्ते ग्रेगोलिनचं एक चित्र चाळीस हजार युरोला गेलं. माझ्याकडे ग्रेगोलिन आहे. स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये. हा चित्रकार तरुणपणी इथे, त्रिएस्तेत, आमच्याच घरी एका खोलीत राहायचा. जाताना चित्र ठेवून गेला. खिडकीशी एक बाई मटार सोलते आहे. बाई म्हणजे माझी आई. मार्केटला त्याच्याशी देणंघेणं नाही. आजपासून मलाही नाही.
संकल्प: चित्राकडे गुंतवणूक म्हणून बघणे.

११ नोव्हेंबर
विम्याचे एजंट कोस्सुत्ता आले. कॉफी घेतली, चष्मा पुसला, चित्र बघितलं. वीस हजार धरू म्हणाले. मी व्हिएन्नाचं कात्रण पुढे सरकवलं. ते चित्र मोठं होतं हो, म्हणाले, त्यात समुद्र होता. मी म्हटलं, यात माणूस आहे. शेवटी चाळीसवर सही. याला 'ठरलेली किंमत' म्हणतात, म्हणजे पुढे वाद नको. अटी चौदा पानं. सगळ्या वाचल्या. पहिली चार पानं तर अगदी नीट.

१९ नोव्हेंबर
अटीप्रमाणे हवेतली ओल मोजायचं यंत्र बसवलं. साठ टक्क्यांच्या वर जायला नको. अडुसष्ट दाखवतंय.
घरात उकळणं-तळणं बंद. शेजारच्या जोलांदामावशींनी योता आणला, आंबट कोबी आणि घेवड्याचा दाट रस्सा, वाफाळता. मी त्यांना आत घेतलं नाही, जिन्यातच उभ्याने खाल्ला. अगं, तुझ्या आईने त्याच पॅसेजच्या तोंडाशी चाळीस वर्षं मासे तळले, म्हणाल्या, तेव्हा नाही झाली तिला सर्दी. मी म्हटलं, तेव्हा ती ग्रेगोलिन नव्हती. मावशी इतक्या हसल्या की कठडा धरावा लागला. लोकांना मार्केट कळत नाही.

२ डिसेंबर, सकाळी ७
रोज उठल्यावर चित्रासमोर उभी राहून 'झोप झाली का' असं विचारते. ही तपासणी आहे. ओल एकाहत्तर.

९ डिसेंबर, सकाळ
बोरा सुटला. डोंगरावरून उतरणाऱ्या या वाऱ्याइतकं कोरडं जगात काही नाही. त्यात चादरी तासाभरात वाळतात, कधी कधी पलीकडच्या गल्लीत. कोस्सुत्तांना हे सुचलं नसतं.
संकल्प: समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या पाच मिनिटं उघडणे.

त्याच दिवशी, दुपार
ओल एकोणचाळीस. प्रयोग पूर्ण यशस्वी.
चित्र छत्र्या ठेवायच्या पितळी पिंपावर पडलं. वरच्या कोपऱ्यात, पडद्यापाशी, वीतभर फाटलं. आईला काही झालेलं नाही.
बाईला.

१२ जानेवारी
वाऱ्याचं नुकसान पॉलिसीत बसतं. चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाई येऊन बघून गेल्या. दोन महिन्यांत असं सांधून देईन की जागा तुम्हालाच सापडणार नाही, म्हणाल्या. कंपनी तो खर्च करणार, शिवाय किमतीतली घट म्हणून आठ हजार. कोस्सुत्ता म्हणाले, निवेसबाई, घ्या आणि चित्र परत टांगा. परत टांगा! म्हणजे यांनाही तुल्लियोसारखंच वाटतं. मार्केट जाणणारा माणूस असल्या सांधलेल्या गोष्टींवर सही करत नाही. वाटोळं झालेल्या चित्राची पूर्ण किंमत मागितली.

२६ जानेवारी
तीन दिवस बसून नऊ पानी रिपोर्ट लिहिला. शेवटचं वाक्य: 'या चित्रात आता जपण्यासारखं काहीही उरलेलं नाही.' छान जमलंय. लिहिताना चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून.

३ फेब्रुवारी
कोस्सुत्तांचा फोन. खात्री आहे ना, बाई? शेवटच्या पानावरचं चौदावं कलम वाचलंत ना? मी म्हटलं, मी मागे हटणाऱ्यातली नाही. मी ते नव्हतं विचारलं, म्हणाले.

२ मार्च
जिंकले. पूर्ण चाळीस. मावशी म्हणाल्या, बरं झालं पोरी, आता शिवून घे आणि लाव जागेवर. तुल्लियोला पत्र लिहायला घेतलं. 'प्रिय तुल्लियो, तुला कळवायला आनंद होतो' इथवर आले. मग तारीख बघायला कंपनीच्या पत्राचं पान उलटलं. पूर्ण किंमत दिली की चित्र कंपनीचं. गुरुवारी दहा वाजता माणसं न्यायला येतील. कलम चौदा.
संकल्प: व्यवहार हा व्यवहार.

५ मार्च
दोघे आले. पांढरे हातमोजे. त्यातला मोठा म्हणाला, कोण हो ही? मी म्हटलं, मटार सोलणारी बाई. मान अगदी तुमच्यासारखी वाकवते, म्हणाला. मटार सोलताना सगळ्याच वाकवतात, मी म्हटलं. तीन सह्या. दहा मिनिटांत गेले. खिळा ठेवून गेले. तो पॉलिसीत नव्हता.

९ मार्च
मासे तळले. योता केला, झाकण न ठेवता. ओल शहात्तर, कुणाचं काही बिघडत नाही. सकाळी पॅसेजमध्ये 'झोप झाली का' विचारलं. सवय आहे, जाईल.
खिळ्यावर कॅलेंडर लावून बघितलं. मग आरसा. आरसा लगेच काढला.

१४ मार्च
कोस्सुत्तांना पत्र टाकलं. नकार येणार हे मला माहीत आहे. माझाच रिपोर्ट माझ्यापुढे ठेवतील, आणि तो उत्तमच लिहिलेला आहे. नक्कल इथे ठेवते.
'कोस्सुत्तासाहेब, पैसे जसेच्या तसे आहेत, परत घ्या. चित्र फाटलेलं असेल तसंच द्या. ठरलेली किंमत नको, विमाही नको. तुमच्या वरच्या साहेबांनी कारण विचारलं, तर या अर्जावर एवढंच लिहा: बाईंना फक्त भिंत भरायची आहे.'